तेराव्याआधी संपलेली मुदत

आई, आपल्या गिरणीच्या जागेवर आता दुमजली इमारत उभी राहिली आहे. खाली मोबाईलचं आणि चष्म्याचं दुकान, वर कसलासा क्लास. मी रोज कोर्टात जाताना तिथूनच जाते. बाजारतळाच्या मागून दुसरा रस्ता आहे, पण एकदा ठरवून त्या रस्त्यानं गेले तर कुणाला तरी टाळल्यासारखं वाटलं, म्हणून पुन्हा गेले नाही. इमारतीचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी आपला पाया फोडायला घेतला. चक्कीच्या बोल्टांसकट ते काँक्रीट निघता निघेना. ब्रेकर लावूनही मजूर वैतागले. ठेकेदार कमरेवर हात ठेवून म्हणत होता, "कुणी भरलाय हा? धरण बांधायचं व्हतं का हितं?" मी रस्त्याच्या पलीकडं उभी होते. आमच्या आईनं स्वतः उभं राहून भरून घेतलाय, असं सांगावंसं वाटलं. तशीच कोर्टात गेले. त्या दिवशी कुठल्याच केसमध्ये माझं लक्ष नव्हतं.

सगळं त्या पायापासूनच सुरू झालं होतं ना. बीड रस्त्याला तेव्हा वस्ती नव्हती. तिथले जागामालक आबा, त्यांचे तीन गाळे बांधून पडले होते आणि कुत्र्यांशिवाय तिथं कुणी राहत नव्हतं. तू गाळा बघायला गेलीस तेव्हा मी शाळेच्या गणवेशात तुझ्याबरोबर होते. तू भिंतींकडं बघितलं नाहीस, छताकडं बघितलं नाहीस, जमीन पायानं दाबून बघितलीस. आबांना म्हणालीस, "गिरणीला पाया भरावा लागतो आबा. नुसती मांडून चालत न्हाई, समदं हादरतं. अन् दुसऱ्याच्या जागंत म्या पाया भरायचा आन् उद्या तुमी उठ म्हनलात तर? पाया काय डोक्यावर घिऊन जाता येतो?" आबा हसले. त्यांनाही गाळा द्यायचा होताच. त्यातून ती अट निघाली. गाळा भाड्यानं द्यायचा, पण करारात लिहायचं की ठरलेल्या मुदतीत तू लेखी कळवलंस तर आबा तोच गाळा, तेव्हाच ठरलेल्या किमतीला, तुझ्या नावावर खरेदी करून देतील. घ्यायचा की नाही हे तू ठरवायचं. तू मागितलास तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.

करार वाचून दाखवायला मलाच बसवलं, कारण घरात वाचणारी मीच होते. मी एकेक शब्द फोडून वाचत होते आणि 'विकल्प' या शब्दापाशी अडले. आबांनी सुपारी कातरता कातरता समजावलं, "हे बघ पोरी. माज्या बांधावरचं सीताफळ म्या तुज्या आईच्या नावानं राखलं. त्येचा डोळा पडला, की तिनं यिऊन सांगायचं. म्या तोडून दीन, दुसऱ्याला देनार न्हाई. पर डोळा पडूनबी ती आलीच न्हाई, तर पाखरं खात्याल. मंग माज्या नावानं बोंबलायचं न्हाई." तू म्हणालीस, "येवढं कळतं मला." पुढं मी लॉ कॉलेजात जाडजूड पुस्तकं वाचली, विकल्पाची मुदत कोर्ट किती काटेकोर मोजतं याची व्याख्यानं ऐकली. दर वेळी मला आबांचा अडकित्ता आठवायचा. पुस्तकात त्याहून वेगळं काही नव्हतं.

तो करार तू नोंदवून घेतलास. दादा नवऱ्याच्या हक्कानं म्हणत होते, शंभराच्या स्टँपवर सह्या केल्या की झालं, नोंदणीच्या हापिसात कशाला हेलपाटे घालायचे. तू ऐकलं नाहीस. बायका लग्नाला नेसतात तसली साडी नेसून तू त्या कचेरीत गेलीस, आणि अंगठ्याचा ठसा देण्याआधी साहेबाला म्हणालीस, "मला सही येती." तिथल्या बाकावर बसून तू ती सही काढलीस, तेव्हा मी पहिल्यांदा ठरवलं की आपण वकील व्हायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, मला ते शाळेतल्या बाईंनी सुचवलं.

गिरणीतली तू मला अजून स्पष्ट दिसते. पदर कमरेला खोचलेला, भुवयांवर पीठ, एक हात पडणाऱ्या पिठाखाली धरून जाड-बारीक बघतेस. बाजरीनंतर लगेच कुणाचा गहू टाकला तर चपाती काळी होते, म्हणून रोज भांडण. "माझा डबा आधी व्हता." "आगं तुजी बाजरी हाय, तिची शाळू जवारी आधी जाऊ दे, मंग तुजी टाकते. तुज्या नवऱ्याला कळतं का पांढरं-काळं?" सगळ्या हसायच्या, जिला बोललीस ती सगळ्यात जास्त. लाईट गेली की त्याच बायका पायरीवर बसून राहायच्या, कारण लाईट कधी येईल ते सांगता येत नसे आणि घरी जाऊन तरी काय करायचं. दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, तेव्हा पोत्यांनी दळण यायचं. कारखान्यावर पोचेपर्यंत पुरेल एवढं पीठ बांधून न्यायचं असायचं. त्या दिवसांत तुझा आवाज बसलेला असायचा. मी नगरच्या कॉलेजातून सुट्टीला आले की तुझ्या पिठाच्या हातांना हात न लावता लांबूनच बोलायचे, माझा नवा ड्रेस खराब होईल म्हणून. तू म्हणायचीस, "लांबच ऱ्हा, साहेब." लॉच्या पहिल्या वर्षाला तू मला काळा कोट शिवून दिलास, शेजारच्या गाळ्यातल्या टेलरकडून. मापं तू तोंडी सांगितली होतीस आणि कोट बरोबर बसला. मी म्हणाले, कोट आत्ताच कशाला, अजून वर्षं आहेत. तू म्हणालीस, "असू दे. ट्रंकेत कोट असला की मधीच सोडावं वाटनार न्हाई."

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बचत गटाचं कर्ज मंजूर झालं आणि तू संक्रांतीला तिळगूळ घेऊन आबांकडं गेलीस. सांगितलंस, आता खरेदी करून टाकू. आबा म्हणाले, "करू की. पोरगा पुन्याहून यिऊ दे, मंग बसू." तुम्हा दोघांच्या दृष्टीनं तिथंच व्यवहार झाला होता. मी फोनवर म्हणाले, आई, करारात लेखी लिहिलंय, कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घे, सही करून दे आणि त्यांची सही घे. तू म्हणालीस, "घेते. माणूस कुठं पळून चाललंय." आणि मग मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना आबा सकाळी शेतातून आले, ओट्यावर टेकले आणि गेले.

त्या दिवशी तू गिरणी बंद ठेवलीस. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तू पिठलं-भाकरी घेऊन गेलीस, तिसऱ्या दिवशीही गेलीस. मी तिकडं कॅलेंडर घेऊन बसले होते. तेराव्याच्या आत मुदत संपत होती. मी नोटीस तयार केली, तीनदा तपासली, आणि पहाटेच्या एसटीनं घरी जामखेडला आले.

तू गहू दळत होतीस. मोठं दळण होतं, पोती भिंतीला लावलेली. मी विचारलं, हे कुणाचं? म्हणालीस, "आबांच्या तेराव्याचं. म्याच म्हनलं, मी दळून देते." मी तुझ्यासमोर कागद धरला. चक्की चालू होती म्हणून मला ओरडून बोलावं लागलं. "आई, फक्त सही कर. पुढचं सगळं मी करते. पोस्ट बंद व्हायच्या आत गेलं पाहिजे." तू चक्की बंद केलीस. एकदम सगळं शांत झालं आणि पायरीवर बसलेल्या बायका आत बघायला लागल्या.

"मयताच्या घरी नोटीस धाडायची?"

"आबा गेले म्हणून अट जात नाही. वारसांवर बंधनकारक असते. पण मुदत थांबत नाही, आई. ती गेली की गेली."

"मंग शिकव की तिला थांबायला. त्येच शिकाया गेलीस न्हवं?"

पायरीवरची एक म्हणाली, "वकीलीनबाई, आदी आमचं दळान तर हू दी." कुणी हसलं नाही. मी आवाज खाली आणला. म्हणाले, बरं, नोटीस नको. साध्या कागदावर दोन ओळी मी लिहिते, तू सही कर, पीठ द्यायला जाशील तेव्हा आबांच्या घरातल्या काकूंच्या हातात दे. चालेल तेवढं. कायद्याला तेवढं पुरतं. तू पदरानं कपाळावरचं पीठ पुसलंस, आणि मला वाटलं, झालं, ऐकलं. मग तू हात झटकलेस.

"आगं, त्या बाईचं कुक्कू पुसून आठ दिस न्हाई झालं. म्या तिच्याफुडं पिठाचा डबा ठिवायचा आन् डब्यावर कागद? ती वाचील का रडंल? दुखवट्याला गेलेल्या माणसाच्या हातात कागद नसतो. म्या चौदाव्या दिवशी सही करते. त्येनला बी कळतंय समदं, त्ये काय परके हायेत?"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर न्हाई म्हनत्याल."

तू पुन्हा चक्की सुरू केलीस. मी दादांकडं बघितलं. ते पोत्याचं तोंड शिवत होते. म्हणाले, "तुमचं मायलेकीचं तुमी बघा." मी तो कागद घेऊन पोस्टापर्यंत गेले आणि पोस्टासमोर उभी राहिले. तुझी सही केल्याशिवाय त्याला काही अर्थ नव्हता, आणि तुझी सही मला हुबेहूब काढता येत होती. लहानपणी तुझ्या नावानं शाळेच्या चिठ्ठ्या मीच लिहायचे. पण मी ती काढली नाही. कायदा शिकत होते म्हणून, की तू नाही म्हणाली होतीस म्हणून, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

तेरावा झाला. त्यांच्या घरी गावजेवण झालं, तुझ्याच पिठाच्या पुऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तू सही केलेला कागद घेऊन गेलीस, मीही आले. आबांच्या मुलानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. कागद नीट वाचला. तो वाईट माणूस नाही, हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं. तो म्हणाला, "काकू, बाबा मला यातलं काही बोलले नव्हते. आम्ही तिघं वारस आहोत, मला एकट्याला होय म्हणता येत नाही." मग आत जाऊन बाकीच्यांशी फोनवर बोलून आला, आणि खाली बघत म्हणाला, "मुदत गेलीय म्हणतात, काकू." त्याच्या आई दारात उभ्या होत्या. तू चहा संपवलास, कप धुवायला आत नेलास, त्यांच्या पाठीवरून हात फिरवलास आणि आपण घरी आलो. वाटेत तू एकच वाक्य बोललीस, "चहात साखर लई घातली व्हती."

मी तुला ज्येष्ठ वकिलांकडं नेलं. आज मी ज्यांच्या हाताखाली काम करते ते हेच. त्यांनी करार वाचून चष्मा काढला. म्हणाले, विकल्प गेला. संक्रांतीचं बोलणं तोंडी, आणि ऐकणारा माणूस हयात नाही. पण बाई, तुम्ही भाडेकरू आहात. मुदत संपली म्हणून कुणी तुमचं सामान रस्त्यावर टाकू शकत नाही. दावा लावावा लागेल, हुकूम घ्यावा लागेल, त्याला वर्षं जातात. भाडं मनिऑर्डरनं पाठवत राहा, जागा सोडू नका. बसून राहिलात तर कंटाळून तेच तडजोडीला येतील. मला तर उभारी आली. मी म्हणाले, आई, हा तुझा हक्क आहे, उपकार नाही. तू त्यांना विचारलंस, "म्हंजी आडून बसायचं?" ते म्हणाले, तसं म्हणा हवं तर. तू नमस्कार करून उठलीस.

त्या उन्हाळ्यात आपण जागा सोडली. चक्की निघाली, मोटर निघाली, पाया राहिला. घरामागं पत्र्याचं शेड घातलं, थ्री-फेज कनेक्शनसाठी दादा चकरा मारत राहिले, आणि रस्त्यापासून आत असल्यानं निम्मी गिऱ्हाईकं तुटली. मी तुझ्याशी नीट बोलत नव्हते. तूही बोलायला आली नाहीस. तुला माझा लॉचा निकाल कळला तेव्हा तू शेडमध्ये चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावत होतीस. म्हणालीस, "आता कोट घाल बरं, बघू." मी घातला. तू लांबूनच बघितलंस, हात न लावता. पावसाळ्यानंतर तुला ताप आला, तो कावीळ निघाली, आणि नगरच्या दवाखान्यातून तुला आम्ही परत आणलं ते तसंच.

तुझ्या दुखवट्याला आबांचा मुलगा आला होता. अंगणात सतरंजीवर बसला, दादांचा हात हातात घेतला आणि गेला. महिन्यानं परत आला, तेव्हा सोबत कागद होता. जुन्या गाळ्यातलं वीज मीटर अजून तुझ्या नावावर होतं आणि ते बंद केल्याशिवाय त्यांना जागा विकता येत नव्हती. दादांनी सही केली. तो गेल्यावर म्हणाले, "बघ, त्येनं बी तेरावा जाऊ दिला. माणूस हाय." मी भांडले दादांशी. त्याला थांबायला काय पडलं? त्याची कुठली मुदत संपत होती? थांबणं त्याला फुकट होतं, तुझा त्यात गाळा गेला. दादा म्हणाले, "तिला ठावं व्हतं की ते." एवढंच. वर्षभरात त्यांनी चक्की विकून टाकली. त्यांना एकट्याला ती चालवता येईना, आणि मी मदतीला बसते म्हणाले असते तरी त्यांनी बसू दिलं नसतं.

आता मी शिबिरांना जाते, आई. गावोगाव, देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बायकांना कायदा सांगायचा. भाडेकरूला काय हक्क असतो, करार का नोंदवायचा, विकत घ्यायची अट असेल तर मुदतीत लेखी कळवणं का गरजेचं. नुसती कलमं सांगितली की बायका जांभया देतात. म्हणून मी तुझी गोष्ट सांगते. 'एक गिरणीवाली बाई होती' अशी सुरुवात करते. ती माझी आई, हे सांगत नाही. शेवटी म्हणते, बघा, सगळं बरोबर होतं, करार नोंदवलेला होता, शब्द दिलेला होता, फक्त दोन ओळी वेळेत दिल्या नाहीत. बायका चुकचुकतात आणि माझा मुद्दा पोचतो.

आज खर्ड्याकडच्या एका वाडीत होते. मी गोष्ट सांगून थांबले, तर पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग ती बाई येडी व्हती, असं म्हननं हाय का तुजं?"

मी म्हणाले, "वेडी नाही, आजी. पण तिनं लेखी द्यायला हवं होतं."

"मयताच्या घरी? कोन देतं वं कागद? तुज्या घरात अजून कुनी मेलं न्हाई वाटतं."

मी समोरचे कागद आवरायला घेतले. मागून एक तरणी बाई म्हणाली, "तसं न्हाई आत्ये, मॅडम म्हनत्यात मालक जित्ता हाय तवरच लिहून घ्यावं." दुसरी म्हणाली, "व्हय, खोकाया लागला की पळत सुटायचं कागद घिऊन." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, खोकायच्या आधीच. ज्या दिवशी तोंडी बोलाल त्याच दिवशी लिहून द्या, म्हणजे कुणाच्या दुखवट्यात कागद न्यायची वेळच येणार नाही. त्या सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या शिबिरांत मी हे असं कधी सांगितलं नव्हतं.

निघताना म्हातारी चपला शोधत माझ्यापाशी आली. म्हणाली, "त्या बाईचं फुडं काय झालं? गिरनी चालती का तिची?"

"चालते," मी म्हणाले. "घरामागं टाकलीय."

"अन् ती?"

"बरी आहे. दुपारी दळण कमी असतं, तेव्हा पायरीवर बसते."

"बसू दी. लई उभं ऱ्हावं लागतं गिरनीत." असं म्हणून ती गेली.

मी गाडीत बसले आणि जामखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. हा कागद लिहून झाला की घडी घालून ठेवून देणार आहे, दादांनाही दाखवणार नाही. तुला एवढंच सांगायचं होतं, की मी खोटं बोलले आणि बोलताना मला जरासुद्धा जड गेलं नाही.